ताणात विहीर चढते

२ नोव्हेंबर २०२३

कंपनीच्या रजिस्टरात सात रकाने आहेत. तारीख, वेळ, विहिरीचा नंबर, काठापासून पाणी किती फूट खाली, पाण्याचं तापमान, टेपचा नंबर, सही. माणसाले जे दिसते, मनात येते, ते लिहाले आठवा रकाना नाही. म्हणून आज सौंसरच्या बसस्टँडसमोरून ही वही घेतली. यात मी माह्यं लिहीन.

सव्वीस वर्षं गावच्या नळयोजनेचा पंप चालवला, पण आमच्या मोहल्ल्यापर्यंत तिचा पाइप कवा आला नाही. कच्चा माणूस म्हणून लागलो, कायम केलं नाही, कच्चाच राह्यलो. एक दिवस पंचायतीचा सचिव म्हणे, उद्यापासून येऊ नको. झाली निवृत्ती. हार नाही, नारळ नाही. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीनं निरीक्षक केलं. गळ्यात बिल्ला आहे, त्यावर फोटो आहे. माह्यी बायको यमुना म्हणे, फोटोत तुम्ही धरून आणल्यासारखे दिसता.

कंपनीचं काम असं. पाच वर्षांमागं गावाच्या खालच्या अंगाले सरकारी बोर मारली, तिच्यातून वाफाळतं पाणी निघालं. खारटढोण. प्याले कामाचं नाही, वावराले कामाचं नाही. लोकाईनं तिथं झेंडा रोवला, खरजेचे लोक आंघोळीले येऊ लागले. त्याच्या मागं कंपनी आली. म्हणे आम्ही याहून खोल जाऊ, गरम पाणी वर काढू, त्याच्या उष्णतेवर वीज बनवू, अन् राह्यलेल्या उष्णतेवर त्याच पाण्यातलं मीठ वेगळं काढून गोड पाणी देऊ. वीज बगीचेवाल्याईच्या मोटारीले, तेबी दिवसा. गोड पाण्याचा पहिला नळ आमच्या मोहल्ल्याले. ग्रामसभेत माईकवर बोलले, शेवटी जय भीमबी म्हणले. माईकवर लय ऐकलं आहे मी जिंदगीत. पण हे लिहून ठेवतो.

आधी चाचणी होणार. खालचं गरम पाणी उपसलं तर वरच्या विहिरी आटतात काय, ते पाहाचं. आटल्या तर कंपनी बिस्तर गुंडाळून जाईन. त्यासाठी बावीस विहिरी रोज मोजाच्या. ते माह्यं काम.

९ नोव्हेंबर

टेप मोठा गमतीचा आहे. विहिरीत सोडत जाचा, पाण्याले टेकला की पिपाणीसारखा वाजते. गावानं लगेच नाव ठेवलं, देवीदासची पिपाणी. ठेवू द्या. सव्वीस वर्षं 'पाणी कवा सोडते बे' ऐकलं, त्यापेक्षा पिपाणी बरी.

सात नंबरची विहीर विनोदची. पस्तिशीचा आहे, संत्र्याची तीनशे झाडं. या विहिरीशी आमच्या मोहल्ल्याचं जुनं नातं आहे, अन् नातं म्हणाले जीभ कडू होते. विनोदच्या बापानं मोटारीच्या पाइपाले धुऱ्याच्या अलीकडं, वावराच्या बांधाबाहेर, एक तोटी काढून देली होती. मोटार चालू असली की आमच्या बायाईनं तोटीवर भराचं, बंद असली की हापशीवर. धुऱ्यापलीकडं पाय टाकाचा नाही, विहिरीवर चढाचं नाही. कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्याईले पाठ होतं. चाळीस वर्षं त्या विहिरीचं पाणी पेलो, विहीर आज पाह्यली.

विनोद बरा आहे. बाप मले देव्या म्हणे, हा काका म्हणते. म्हणे, या काका वर, भिता कायले. मी म्हणलो, गळ्यात बिल्ला आहे बाबू, आता मी कोणाच्या बापाले भीत नाही. तो हसला. त्याच्याच बापाचं निघालं हे मले मागून समजलं.

आत दगडावर एक खूण खोदली आहे, तीन रेघा. बापानं खोदली म्हणे. संत्र्याचं पाणी तोडतात, त्या ताणाच्या दिवसात मोटारी बंद राहतात, तवा पाणी दरसाल त्या खुणेपर्यंत चढते. मोजून पाह्यलं, खूण बरोब्बर तीस फुटावर आहे. म्हातारा हिशेबाचा पक्का होता.

घरी आलो तं यमुना म्हणे, आज किती? मी म्हणलो, सात नंबर सदतीस फूट. ती म्हणे, तोटीवर उभं राहून चाळीस वर्षं गेली, आज समजलं पाणी किती खालून येते.

२० नोव्हेंबर

यमुनाले घेऊन नागपूरले गेल्लो. टोंगळे धरले आहेत, गुडघ्यातून पाय वाकत नाही, पाठ सरळ होत नाही, मान वळवाची तं सगळं आंग वळवते. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडापुढं धरला. म्हणे, तुमच्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यानं हाडं धरली आहेत. झालं ते वापस नाही येत. पण पाणी नाही बदललं तर दोन-तीन वर्षांत ही बाई खाटेवरच राहीन.

मी म्हणलो, गोळ्या? ते म्हणे, पाणी हीच गोळी.

बसमध्ये यमुना खिडकीकडं बसली होती. बोरगाव आलं. मंग म्हणे, विनोदच्या तोटीचं चार गुंड-घागरी पाणी रोज भेटते नं, तेवढंच पेईन मी. मी म्हणलो, अन् ताणात?

१ डिसेंबर

ताण लागला. संत्र्याचं झाड मोठं अजब. डिसेंबरात चाळीस दिवस पाणी तोडाचं, पानं मलूल होईपर्यंत उपाशी ठेवाचं, अन् जानेवारीत एकदम पाजाचं. तवा ते घाबरून फुलोऱ्यावर येते. मोटारी बंद, तोटी बंद. झाड उपाशी राहते फुलासाठी, आमचा मोहल्ला कायसाठी राहते कोण जाणे. चाळीस दिवस आता हापशी.

सात नंबर अडतीस फूट. पहिले आठ-दहा दिवस पाणी जागेवरच राहते म्हणे विनोद, चढते ते मंग.

११ डिसेंबर

चाचणी सुरू झाली. खोल बोरवर भल्ला मोठा पंप बसवला, वाफेचा लोट बाभळीच्या वर गेला. इकडचे तिकडचे लोक पाहाले आले, चणे-फुटाणे विकणाराबी आला. वीस दिवस रात्रंदिवस उपसणार.

स्नेहा मॅडम इथल्या मुख्य. सांगलीकडच्या आहेत, जमिनीखालच्या पाण्याचं शिकल्या आहेत. वय असन तीस. धुळीत बसून डबा खातात, आमच्या घरचा चहा पेल्या. सांगावं लागलं नाही, बूट बाहेर काढले. म्हणे, मोटारी बंद आहेत हे बरंच झालं काका, आपली मापं स्वच्छ येतील. संत्रं त्याईनं खाल्लं असन भरपूर, लावलं नसन कवा.

१९ डिसेंबर

आठ दिवस झाले. सात नंबर अडतीस. चौदा नंबर एकतीस. सगळ्या विहिरी जिथल्या तिथं, दोन बोटाचा फरक नाही. मॅडम खूश आहेत. म्हणे, एवढं उपसूनबी वरच्या विहिरी हलल्या नाहीत, म्हणजे खालचं अन् वरचं पाणी अलग आहे.

संध्याकाळी यमुना म्हणे, आज किती? मी म्हणलो, अडतीस. ती म्हणे, काल अडतीस, परवा अडतीस. ताणात विहीर चढते नं? यंदा काहून नाही चढली?

मी म्हणलो, पाऊस कमी झाला. ती म्हणे, पाऊस तं पोळ्यानंतर चांगला झाला होता. मी म्हणलो, चूप बस, तुले काय समजते त्यातलं. ती उठली अन् हापशीवर गेली. उठाले तिले आता खाटेचा पाया धरावा लागते.

पाऊस कमीच होता. मी म्हणतो म्हणून नाही, कमीच होता.

२५ डिसेंबर

विनोद विहिरीवर आला. मी टेप सोडून राहिलो होतो. तो वाकून पाहून राहिला आतमध्ये. लय वेळ पाह्यलं. मी म्हणलो, अडतीस. तो म्हणे, बरं हाय नं मंग काका, लिहा. अन् गेला झाडाईत. सोन्यासारखा माणूस. एवढी मोठी चाचणी होऊन राहिली त्याच्या धुऱ्याले लागून, पण माह्या मापावर पूर्ण भरोसा.

बाकी विहिरीवालेबी तसेच. कोणी हूं नाही की चूं नाही. इतकं गुण्यागोविंदानं वागताना मी हे गाव पह्यल्यांदा पाहतो.

३१ डिसेंबर

पंप बंद केला. मॅडमनं तंबूत बोलावलं, कागद पसरले. बावीस विहिरींच्या बावीस रेघा, सगळ्या सपाट.

म्हणल्या, "काका, एक विचारते. मोटारी बंद असल्या की या विहिरी दरवर्षी अशाच स्थिर असतात ना?"

मी म्हणलो, "हाव मॅडम. अशाच राहतात."

त्याईनं बरोबरची खूण केली अन् माह्यी सही घेतली. मराठीत केली. म्हणे, छान अक्षर आहे.

हिशेबानं मी खोटं काय बोललो? विहिरी स्थिर होत्याच. मॅडम शिकल्या-सवरल्या, त्याईच्या यंत्राईले जे नाही समजलं ते एका पंपवाल्यानं सांगाचं काय? अन् सांगतलं असतं तर काय झालं असतं? कंपनी गेली असती. नळ गेला असता. पाण्यावाचून यमुनाचे दोन वर्षं कोण मोजत होतं? तिच्यासाठी कोणता रकाना आहे?

संध्याकाळी यमुनानं विचारलं नाही, आज किती. मी सांगतलं नाही.

१० जानेवारी २०२४

ताण तुटला. मोटारी सुरू झाल्या, तोटीवर बायाईची रांग लागली. यमुनानं चार गुंड आणले. म्हणजे आणले मीच, ती संगं होती.

६ मार्च

मंजुरी आली. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून कागद जवळ आला म्हणतात, पण छिंदवाडा-भोपाळ करूनच आला. मॅडमनं पेढे वाटले. समजावून सांगतलं, मीठ काढून राह्यलेलं जहाल खारं पाणी वापस जमिनीत सोडाचं असते, त्यासाठी दुसरी बोर. आधी ती हजार फुटाच्या खाली नेणार होते. पण चाचणीत वरच्या विहिरीशी काही संबंध नाही असं निघालं, म्हणून चारशे फूट पुरे, असं वरच्या साहेबाईनं ठरवलं. काम लवकर होईन.

मी म्हणलो, किती लवकर? म्हणे, दसऱ्याआधी नळ.

२२ सप्टेंबर

नळ आला.

लिहून पाहतो पुन्हा. नळ आला. विहाराच्या बाजूनं चबुतरा बांधला, चार तोट्या. मोटार असो नसो, ताण असो नसो, सकाळ-संध्याकाळ पाणी. आमच्या बायाईले कोणाच्या धुऱ्याकडं पाहाचं काम नाही. कंपनीनं मंडप टाकला होता, भाषणं झाली, वीज लाइनीत सोडली तेव्हा बटन दाबाले कोण कोण पुढं झाले, फोटोत मी दिसत नाही. नसो. पहिला गुंड यमुनानं भरला. मॅडमनंच तिले पुढं केलं.

तिनं ओंजळीत घेतलं, पेली, तोंड वाकडं केलं. म्हणे, याले चवच नाही. उकळून गाळलेलं पाणी, त्याले कायची चव! मी म्हणलो, चव पाह्यजे की हाडं पाह्यजे? सगळ्या बाया हसल्या. तीबी हसली.

घरी येऊन मी परसात जाऊन रडलो. माह्या वयाच्या माणसानं हे लिहू नये, पण रडलो.

१४ ऑक्टोबर

नागपूरले दीक्षाभूमीवर गेलो दोघं. यमुना गर्दीत चालली. हळू, पण चालली. दुखणं तेवढंच आहे म्हणे, वाढलं नाही. वाढलं नाही हेच लय झालं.

विनोद भेटला बसस्टँडवर. त्याच्या मोटारीले आता दिवसा वीज आहे, पाणी द्याले झोपमोड नाही. म्हणे, काका, कंपनीनं दोघाईचंबी भलं केलं. मी म्हणलो, हाव.

१६ डिसेंबर

महिन्यातून दोनदा मोजणी चालू आहे, नियम आहे म्हणे. ताण लागून पंधरा दिवस झाले. आज सात नंबर मोजली अन् पुन्हा टेप सोडला, माह्याच डोळ्यावर भरोसा नव्हता. चौतीस फूट. ताण लागला तवा चाळीस होती, पंधरा दिवसांत सहा फूट चढली!

मनावरचा धोंडा उतरला. ताणात विहीर चढते, चढलीच. म्हणजे मागच्या साली पाऊसच कमी होता. वर्षभर उगाच जीव खाऊन राहिलो होतो सोताचा. घरी जाऊन यमुनाले म्हणलो, विचार, आज किती. तिनं विचारलं नाही. मीच सांगतलं.

२ जानेवारी २०२५

सात नंबर एकोणतीस. म्हाताऱ्याची खूण बुडाली. विनोदनं वाकून पाह्यलं अन् हात जोडले. म्हणे, बाप असता तं नवी खूण खोदली असती. यंदा फुलोर असा धरन की पानं दिसणार नाही.

चौदा, नऊ, अकरा, साऱ्या चढल्या. तापमान सत्तावीसचं एकतीस झालं, रजिस्टरात लिहिलं. थंडीच्या दिवसात विहिरीचं पाणी हाताले कोमट लागतेच. टेप पुसताना चिकट लागला, फडक्यानं पुसला.

पेऊन कोण पाहते? तोटी ताणाची बंद, मोहल्ल्याले आता नळ आहे. पहिले आमच्या बाया एका घोटात सांगत, आज पाणी बदललं आहे.

११ जानेवारी

विनोदनं ताण तोडला. नारळ फोडला, मलेबी बोलावलं. चाळीस दिवसाची तहानलेली झाडं, पाणी सोडलं की आळ्यात थांबत नव्हतं, असं पेत होती. बाकी विहिरीवाल्याईनंबी त्याच दोन दिवसांत मोटारी सुरू केल्या. नारळाचा तुकडा दाताखाली घेतला तं मनात आलं, या बगीच्यात मी पाहुणा म्हणून उभा आहे, धुऱ्यावर नाही.

२५ जानेवारी

पानांचे शेंडे जळून राहिले. विनोद म्हणे, थंडी असन. पाणी देलं पुन्हा.

२९ जानेवारी

थंडी नाही. कळ्या हात लावला की गळतात. तीनशे झाडाईखाली पांढरा सडा, अन् पानं तांब्यावानी. मी आळ्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेले लावलं. आमच्या त्या वाफेच्या बोरीचं पाणी ओळखाले मले यंत्र लागत नाही.

विनोदलेबी म्हणलो, चाख. त्यानं चाखलं, थुंकलं नाही. तसाच बसला मातीत.

संत्रं सगळं सोसते, मीठ नाही सोसत. अन् ताण तुटताना पेलेलं तं झाड शेंड्यापर्यंत ओढते. चारशे फुटावर सोडलेलं खारं पाणी साऱ्या ताणात विहिरीमध्ये चढत होतं, अन् आम्ही हात जोडून पाहून राहिलो होतो.

४ फेब्रुवारी

बावीसपैकी सतरा विहिरी खाऱ्या निघाल्या. लोकाईनं कंपनीच्या फाटकाले कुलूप ठोकलं. तहसीलदार आले, काम बंदचा कागद चिकटवला. वीज बंद. नळ बंद.

बायाईनं चबुतऱ्यावर गुंड ठेवून दुपारपर्यंत वाट पाह्यली. मंग एकेक जण उचलून हापशीवर गेली. तोटीवर जाण्यात मतलब नाही, तिथलंबी आता तेच पाणी. नळ नव्हता तवा निदान तोटी होती. आता माह्या हुशारीनं दोन्ही नाही.

९ फेब्रुवारी

स्नेहा मॅडमचा फोन आला. त्याईले इथून हलवलं आहे, चौकशी लावली आहे. कंपनीचे मोठे साहेब सांगून राहिले की पोरीचं मोजणीचं चुकलं. आवाज बसला होता त्याईचा. म्हणे, काका, मी चाचणीचे कागद पुन्हा पुन्हा बघते, मला चूक सापडत नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, दरवर्षी स्थिर असतात?

मी म्हणलो, आवाज नाही येऊन राहिला मॅडम. अन् फोन कापला.

आवाज साफ येत होता.

१४ फेब्रुवारी

विनोदनं घरच्यासाठी मोहगावहून टँकर बोलावला. संध्याकाळी मोटारसायकलीवर दोन कॅन आमच्या घरी. म्हणे, काकूसाठी. तीनशे झाडं उभी वाळून राहिली त्याची, अन् त्याले काकू आठवते. मी त्याच्या तोंडाकडं पाहू शकलो नाही. तो म्हणे, मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई आहे, तुम्ही चला काका. तुम्ही मोजलं आहे, तुमच्या बोलण्याले वजन राहीन.

१८ फेब्रुवारी

पांढुर्ण्याले गेलो. जनसुनवाईत ही रांग. आमचा नंबर दुपारी लागला. टेबलावर एक साहेब अन् एक लिहिणारा बाबू. विनोदनं झाडाईचे फोटो देले. मंग मले पुढं केलं.

रात्रभर पाठ केलं होतं. बोललो. म्हणलो, साहेब, ताणात विहीर चढते. चाचणीच्या ताणात चढाले पाह्यजे होती, नाही चढली, म्हणजे खालचा पंप तिचंच पाणी ओढत होता. मॅडमनं मले इचारलं होतं. मले माहीत होतं अन् मी खोटं सांगतलं. पोरीची चूक नाही. माह्यी सही आहे त्याच्यावर.

बाबूनं पेन उचललाच नाही. म्हणे, "बाबा, नुकसान कितना हुआ वो बताओ. इसका तो कॉलम ही नहीं है."

साहेब फोनवर होते. मागून कोणीतरी ढकललं, पुढचा नंबर आला.

बाहेर आलो. मले वाटलं, विनोद आता मारन. मारलं असतं तं बरं झालं असतं. तो मोटारसायकलीवर बसला, मले मागं बसवलं. सौंसर मागं पडलं. बोरगावच्या फाट्यावर गाडी थांबवली अन् पाठमोराच म्हणे, "काका, बापाची खूण मलेबी दिसली होती. पाणी आठ फूट खाली होतं तिच्या. मी म्हणलो, चूप राहावं, दिवसाची वीज भेटन."

मी म्हणलो, अन् बाकीचे?

तो म्हणे, "बावीस जण ताण देतात काका. आंधळं कोणी नाही त्याईच्यात."

गाडी सुरू केली. मोहल्ल्याच्या तोंडाशी सोडून गेला.

माह्यं मन हलकं व्हाले पाह्यजे होतं, एकटा मी नव्हतो म्हणून. नाही झालं.

२० फेब्रुवारी

मॅडमले फोन लावला, त्याईले खरं सांगाले. लागत नाही. चिठ्ठी लिहिली, पत्ता माहीत नाही, म्हणून कंपनीच्याच पत्त्यावर टाकली. फोडून कोण वाचन, भगवंत जाणे.

आज पुन्हा कॅन आले. यमुनानं बाहेर येऊन विनोदले सांगतलं, बाबू, तुह्या घरी लेकरं आहेत, त्याईले पाज, इथं आणू नको. तो लय म्हणाला, तिनं ऐकलं नाही. मंग खाटेचा पाया धरून उठली, गुंड घेतला, हापशीकडं निघाली. मी म्हणलो, दे मी आणतो. देला नाही.

काम तं संपलं आहे, पण टेप माह्याजवळच राह्यला. सकाळी जाऊन मोजली होती सात नंबर. तिच्या मागं मागं हापशीपर्यंत गेलो अन् काय बोलावं सुचेना म्हणून म्हणलो, "आज सव्वीस फूट आहे. अजून चढून राहिली."

ती दांडा मारत होती. थांबली नाही. म्हणे, "मी इचारलं तवा तुम्ही चूप बस म्हणले होते. आता नाही इचारलं, आता काहून सांगता?"

गुंड भरला. तिनं डोक्यावर नाही घेतला, आता तिले जमत नाही. कमरेवर घेऊन दोनदा टेकत घरी आणला, अन् त्यातलाच एक गिलास माह्यापुढं ठेवला. मी पेलो.